विद्यार्थ्यांच्या संगीत-मासिकात मुखपृष्ठाइतकीच आतल्या पानांचीही काळजी हवी

मा. संपादक,
स.न.वि.वि.

माध्यम आणि ललित कला शिकणाऱ्या विद्यार्थ्यांकडून सत्राअखेर एखाद्या मासिकाचा नमुना अंक करून घेण्याची पद्धत आता रुळली आहे. संगीत हा त्यांचा आवडता विषय. मुखपृष्ठ, अनुक्रमणिका, समोरासमोरच्या दोन पानांचा मुख्य लेख आणि शेवटी ‘हे असे का केले’ याचे टिपण, असे साधारण काम असते. आम्ही काही जण पानांची मांडणी, छपाई आणि संगीत शिकवणे या कामांतले आहोत. असे अंक चाळताना दिसते ते असे, की सगळा जीव मुखपृष्ठात ओतलेला असतो, आतली मराठी इंग्रजी साच्यात कोंबलेली असते आणि टिपण सादरीकरणाच्या आदल्या रात्री उरकलेले असते. मुले कष्टाळू आहेत, हौशी आहेत. निर्णय कोणत्या क्रमाने घ्यायचे हे त्यांना कुणी सांगत नाही, एवढीच अडचण आहे.

पहिला निर्णय वाचकाचा. ‘तरुणाई’ असे लिहून तो टाळता येत नाही. एकाच वयाची नागपुरातली दोन मुले घ्या. एक सिव्हिल लाइन्सच्या वसंतराव देशपांडे सभागृहात ख्याल ऐकायला जाते, दुसरे गणपतीच्या मिरवणुकीतल्या धुमाल या वाद्यपथकामागे रात्रभर चालते. कुणाच्या घरी राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची खंजिरी भजने रोज होतात, कुणाच्या वस्तीत भीमगीतांचे जलसे रंगतात, तर पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीतून शिकायला आलेल्याला दंडार आणि खडी गंमत हे लोकनाट्याचे प्रकार तोंडपाठ असतात. या सगळ्यांना एकाच अंकात बसवायला हरकत नाही, पण मग अंक कुणाला काय नवे देणार हे एका वाक्यात लिहून भिंतीवर लावले पाहिजे. ‘खंजिरी वाजवणाऱ्याला धुमालचा ठेका कळावा’ हे चांगले वाक्य आहे. ‘सर्व प्रकारच्या संगीताचा आनंद’ या वाक्यावरून एकही पान ठरवता येत नाही.

दुसरा निर्णय कागदाच्या आकाराचा. तो बहुतेक जण संगणकावर समोर येईल तो घेतात. संगीताच्या अंकात हा आकार स्वरलिपी, म्हणजे गाण्याचे स्वर कागदावर लिहायची पद्धत ठरवते, म्हणून तिच्याबद्दल थोडे सविस्तर लिहितो.

स्वरलिपीच्या भातखंडे पद्धतीत त्रिताल लिहायचा तर १६ मात्रांचे, म्हणजे ठोक्यांचे, १६ समान रकाने लागतात. पहिल्या मात्रेवर समेची, म्हणजे ताल जिथे सुरू होतो त्या ठोक्याची खूण ×, पाचवीवर २, नववीवर खालीचे, म्हणजे टाळी न देता सोडायच्या ठोक्याचे ०, तेरावीवर ३. ए-फोर पान २१० मिलिमीटर रुंद असते. दोन्ही समासांचे मिळून ३० मिलिमीटर गेले, बंदिशीच्या, म्हणजे तालात बांधलेल्या गीताच्या, ‘स्थायी’ आणि ‘अंतरा’ या दोन भागांची नावे लिहायला डावीकडे २० गेले, की १६० उरतात. म्हणजे मात्रेला १० मिलिमीटर. एवढ्यात एक-दोन स्वर आणि खाली बंदिशीचे अक्षर नीट बसते. तेच ए-फाइव्ह पानावर समासांना २४ आणि नावांना १२ सोडल्यावर ११२ उरतात, मात्रेला ७. तिथे स्वर बसला तरी खालचे ‘मोरी’, ‘पिया’ असे शब्द एकमेकांत घुसतात. मग ओळ ८ मात्रांची करावी, म्हणजे १४ मिलिमीटर मिळतात. चौगुणीच्या ताना ए-फोरवरही ८ मात्रांच्याच ओळीत लिहाव्यात, एका मात्रेतले चार स्वर १० मिलिमीटरमध्ये वाचता येत नाहीत.

आवर्तन, म्हणजे तालाचा एक पूर्ण फेरा, तोडायचेच तर खालीच्या मात्रेवर तोडावे, दुसरीकडे कुठेही नाही. त्रितालातल्या अनेक द्रुत बंदिशी नवव्या मात्रेवर सुरू होतात, त्यांची ओळही तिथूनच सुरू करावी. आणि काही झाले तरी प्रत्येक आवर्तनाची सम एकाच उभ्या रेषेत, एकाखाली एक आली पाहिजे. गाणाऱ्याची नजर समेकडे धावत असते. रकाने मात्रेऐवजी शब्दांच्या लांबीप्रमाणे लहानमोठे केले की ती रेषा मोडते आणि सगळे पान निरुपयोगी होते. रूपक तालात सम खालीच्या मात्रेवरच येते, तिथे पहिल्या मात्रेवर × द्यायचे की ०, हे अंकभर एकदाच ठरवावे आणि खुणांच्या चौकटीत सांगून टाकावे.

स्वरलिपीत सर्वांत घातक चूक डोळ्यांना दिसतच नाही. कोमल स्वराखाली आडवी रेघ आणि तीव्र मध्यमावर उभी रेघ असते. मजकूर एका प्रणालीतून दुसरीत चिकटवताना अक्षरे येतात, रेघा गळतात. काफी थाटातल्या ग आणि नि खालच्या रेघा गेल्या की कागदावर सगळे शुद्ध स्वर असलेला बिलावल थाट उरतो. यमनमधल्या म वरची रेघ गेली तरी तेच. पान सुंदर दिसते, मुद्रितशोधक शब्द तपासतो, राग मात्र बदललेला असतो. मंद्र, म्हणजे खालच्या सप्तकाचा स्वर दाखवणाऱ्या अक्षराखालच्या ठिपक्यासाठी मुले नुक्ता हे लिपीतले टिंब वापरतात, तो कोमलच्या रेघेत बुडतो. तार, म्हणजे वरच्या सप्तकाच्या ठिपक्यासाठी अनुस्वार वापरतात, तो ‘नि’च्या वेलांटीला धडकतो. यावर उपाय एकच: रेघा, ठिपके आणि एका मात्रेतले स्वर जोडणारी खालची कमान वेगळ्या आकृती म्हणून काढाव्यात, स्वरलिपी पूर्ण झाली की तिचे एकसंध चित्र करून पानावर ठेवावे. हे चित्र रेषांचे असावे, पिक्सेलचे नको, म्हणजे लहानमोठे करताना कडा फुटत नाहीत. आणि मुद्रितशोधन छापील प्रतीवरून गाऊन किंवा पेटीवर वाजवून करावे. शक्यतो ती बंदिश आधी न ऐकलेल्या विद्यार्थ्याने गावे. ज्याने लिहिली तो चुकीच्या कागदावरूनही बरोबरच गातो.

आता साच्यांबद्दल. तयार मिळणारे मासिकांचे साचे रोमन लिपी गृहीत धरून केलेले असतात. त्यात मजकूर १० पॉइंट आणि ओळींतले अंतर १२ पॉइंट असते. देवनागरीत वर रफार, वेलांट्या, मात्रा आणि खाली उकार, जोडाक्षरांचे पाय. त्या अंतरात वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या रफाराला जाऊन भिडतो. ११ पॉइंटच्या मराठी मजकुराला १६ पॉइंटचे अंतर द्यावे, पान लगेच मोकळे होते. अर्थात मजकूर कमी मावतो, म्हणून लेखाची शब्दमर्यादा पान आखल्यावर सांगावी, आधी नाही.

शीर्षकात अक्षरे लांब लांब सोडायची फॅशन रोमन कॅपिटल अक्षरांना शोभते. मराठीत तसे केले की शिरोरेखा तुटते आणि शब्दाचे तुकडे पडतात. आपल्याकडे कॅपिटल अक्षरे नाहीत, तिरका ठसाही परंपरेतला नाही. संगणकाने ओढून तिरकी केलेली देवनागरी कलंडल्यासारखी दिसते. त्यामुळे महत्त्वाचे-कमी महत्त्वाचे हे जाडी, आकार आणि रंग या तिघांवरच पेलायचे असते. मुक्त, बालू किंवा तिरो देवनागरी मराठी यांसारखे टंक (फॉन्ट) मोफत आणि खुल्या परवान्याचे आहेत. मजकुराला एक आणि शीर्षकांना एक, असे दोन टंक पुरतात. टंक निवडण्याआधी ‘सुऱ्या, वाद्ये, षड्ज, हृद्य, ठुमऱ्या’ अशी एक ओळ लिहून पाहावी. ‘ऱ्य’ नीट आला नाही तर तो टंक मराठीसाठी नाही. पाने मांडायच्या इनडिझाइन या प्रणालीत जोडाक्षरे फुटत असतील तर परिच्छेदाच्या सेटिंगमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोझर निवडला आहे का ते आधी बघावे.

ए-फोरवर तीन स्तंभ घेतले तर एकेक जेमतेम ५७ मिलिमीटरचा होतो. मराठी शब्द प्रत्यय लागून लांबतात, त्यामुळे दोन्ही कडा सरळ करायला गेले की शब्दांमध्ये पांढरी भगदाडे पडतात. दोन स्तंभ घ्यावेत, आणि तीनच हवे असतील तर उजवी कडा मोकळी सोडावी.

छायाचित्रांत बहुतेक वेळा दोन ठिकाणी घात होतो. मंचावरच्या एलईडी दिव्यांखाली जलद शटर ठेवले की फोटोत आडवे पट्टे येतात. आपली वीज ५० हर्ट्झची आहे, म्हणून शटर १/५० किंवा १/१०० ठेवून बघावे, बहुतेक वेळा पट्टे जातात. दुसरा घात व्हॉट्सॲपवर होतो. नेहमीसारखा पाठवलेला फोटो लांब बाजूला साधारण १,६०० पिक्सेलचा उरतो. इंचाला ३०० पिक्सेल धरले तर तो साडेतेरा सेंटिमीटरच छापता येतो. पूर्ण पानाच्या फोटोला, कापण्यासाठी चारही बाजूंना ३ मिलिमीटर धरून, सुमारे २,५५० बाय ३,५८० पिक्सेल लागतात. फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला की हा प्रश्नच मिटतो. मंचावरचा झगझगीत निळा-जांभळा प्रकाश पडद्यावर दिसतो तसा छपाईच्या चार शाईंत उतरत नाही, मंदच येतो. मुखपृष्ठाचा सगळा डौल त्या रंगावर उभा करू नये.

छापखान्यात जाण्याआधी कोऱ्या कागदांची डमी करून घ्यावी. मधे पिना मारायच्या अंकाची पाने चारच्या पटीत लागतात. २६ पानांचा मजकूर आणला तर दोन पाने कोरी जातात किंवा ऐनवेळी कसल्यातरी चित्रांनी भरली जातात. पाने एकात एक घातल्यामुळे मधली पाने बाहेर सरकतात आणि कटिंगमध्ये त्यांचा बाहेरचा समास कमी होतो, म्हणून पृष्ठांक कडेपासून किमान १० मिलिमीटर आत ठेवावा. समोरासमोरच्या पानांवर गायकाचा चेहरा घडीत जाऊ देऊ नये. काळ्या पार्श्वभूमीवर पांढरा मजकूर हा संगीताच्या अंकांचा लाडका प्रकार, पण शाई पसरून ‘घ’, ‘भ’, ‘ध’ यांच्या बारीक पांढऱ्या रेघा बुजतात. तिथे टंक थोडा जाड आणि किमान ११ पॉइंट हवा. उलट पांढऱ्यावरचा बारीक काळा मजकूर निव्वळ काळ्या शाईत असावा. चार रंग मिसळून केलेला काळा किंचित सरकला तरी अक्षराला रंगीत सावली येते. थोड्या प्रती डिजिटल छपाईत काढताना मुखपृष्ठ जाड असेल तर घडीवर आधी क्रीज, म्हणजे दाबून खाच, मारायला सांगावे आणि पाठीवर गडद रंग टाळावा, घडीवर टोनर फुटून पांढऱ्या भेगा दिसतात. पावसाळ्यात एकाच बाजूने लॅमिनेशन केलेले मुखपृष्ठ वळते, कारण उघडी बाजू दमट हवा पिते.

क्यूआर कोड द्यायचा तर २ सेंटिमीटरपेक्षा लहान नको, भोवती पांढरी जागा हवी आणि तो छायाचित्रावर छापू नये. बंदिशीच्या पानावर तिच्या ध्वनिमुद्रणाचा कोड देणे ही मात्र फार चांगली सोय आहे.

आता त्या टिपणाबद्दल, कारण आमच्या मते खरे शिक्षण तिथे आहे. ‘लाल रंग ऊर्जेचे प्रतीक आहे म्हणून लाल वापरला’ अशी वाक्ये काम संपल्यावर सुचतात. ती लिहून घेण्यात काही अर्थ नाही. पहिल्या दिवसापासून एक वही ठेवावी आणि प्रत्येक निर्णयासमोर तारीख, नाकारलेले पर्याय, त्या क्षणीचे कारण आणि नंतर वाचकासमोर काय घडले, एवढे लिहावे. टाकून दिलेली मुखपृष्ठेही वहीत चिकटवावीत. वाचकाची चाचणी घेताना ‘आवडले का?’ असे विचारू नये, मित्रमैत्रिणी नाही म्हणत नाहीत. मुखपृष्ठ पाच सेकंद दाखवून झाकावे आणि विचारावे: यात कोणते संगीत आहे? कुणासाठी आहे? आत काय वाचायला मिळेल? उत्तर भरकटले की मुखपृष्ठ बदलायचे. अनुक्रमणिका हातात देऊन ‘भीमगीतांवरचा लेख काढ’ म्हणावे आणि बोट कुठे अडते ते बघावे.

अशी वही ठेवली की नुसत्या नकलेने आलेल्या गोष्टी आपोआप उघड्या पडतात. नागपुरातल्या बर्डीवरच्या पुस्तकांच्या दुकानात मासिके एकावर एक ठेवलेली असतात आणि वरचाच भाग दिसतो, म्हणून विक्रीच्या अंकाचे नाव वर असते. विद्यार्थ्यांचा अंक हातोहात वाटला जाणार असेल तर नाव खाली का नको? आणि विकलाच न जाणाऱ्या अंकावर बारकोड आणि किंमत कशासाठी? ठेवायचे तर ठेवावे, पण वहीत कारण लिहून.

महाविद्यालयांना आमची विनंती आहे की गुणांपैकी निम्मे तरी या वहीला द्यावेत, आणि पाने पडद्यावर न पाहता छापील प्रतीवर तपासावीत. स्वरलिपीचे पान असेल तर परीक्षकांत एक गाणारा किंवा वाजवणारा असावा. आपल्या दैनिकालाही एक विनंती. आपल्या कार्यालयात रात्री पाने लागतात, शीर्षक दोन अक्षरांनी वाढते, फोटो कापावा लागतो, बातमी ऐनवेळी लहान होते. या विद्यार्थ्यांच्या छोट्या गटांना सत्रातून एकदा तासभर ते काम जवळून पाहू द्यावे. जमणार असेल तर वार आणि वेळ याच स्तंभात कळवावी, म्हणजे महाविद्यालयांना गट ठरवता येतील.

कळावे,
मांडणी, छपाई आणि संगीत शिक्षणातले काही जण,
नागपूर