ग्रुप लावू की पर्सनल कोच?

गुहागर,
५ ऑगस्ट

प्रिय सुहास,
स. न. वि. वि.

धावण्याच्या ग्रुपची फी परवडते, पर्सनल कोच कितीतरी पट जास्त मागतो, मग मुंबईच्या फुल मॅरेथॉनसाठी काय करू, असं तू विचारलंयस. माझं मत आधीच सांगतो. ग्रुप लाव, आणि वाचलेल्या पैशातून एखाद्या अनुभवी कोचकडे दोनदा नुसता सल्ला घे. बरेच कोच महिन्याचं न बांधताही असा सल्ला देतात, विचारून बघ.

कागदावरच्या प्लॅनमध्ये फारसा फरक नसतो रे. आठवड्याला चार दिवस धावणं, त्यात एक लांब, एक जोराचं, दोन सावकाश. दर चौथा आठवडा हलका. दोन्हीकडे हेच. जास्तीचे पैसे असतात ते तुझी नोंद दर आठवड्याला कुणीतरी वाचून पुढचा आठवडा बदलावा म्हणून. तेव्हा पर्सनल कोचला पहिला प्रश्न हाच विचार, की सध्या तुमच्याकडे किती जण आहेत? एकेकाला आठवड्याची वीस मिनिटं धरली तरी साठ जणांचे वीस तास होतात. नोकरी सांभाळून शिकवणाऱ्याला ते झेपत नाही, आणि मग तुझ्या हाती ग्रुपचाच प्लॅन येतो, वर फक्त तुझं नाव.

ग्रुप बिघडतो तो सावकाशीच्या दिवशी. पुढचा एक जण वेग वाढवतो, मागचे त्याला धरून राहतात, आणि महिन्याभरात सगळ्यांचे हलके दिवस मध्यम होऊन बसतात. त्याने थकवा साठतो आणि जोराच्या दिवशी पायात काही उरत नाही. यावर उपाय म्हणजे स्वतःच्या हृदयाच्या ठोक्यांचा आकडा माहीत असणं. मिनिटाला जास्तीत जास्त ठोके किती, हे सांगणारं २२० वजा वय हे सूत्र एकेका माणसाच्या बाबतीत दहा-बारा ठोक्यांनी सहज चुकतं, त्यावर जाऊ नकोस. पंधरा मिनिटं अंग गरम कर, मग सपाट रस्त्यावर एकट्याने तीस मिनिटं, शेवटपर्यंत टिकेल अशा पूर्ण जोराने धाव आणि शेवटच्या वीस मिनिटांचे सरासरी ठोके बघ. समज, १७० आले. त्याचे ८९ टक्के म्हणजे १५१. सावकाशीच्या दिवशी त्याच्या आत राहायचं. ठोके मोजणारा छातीचा पट्टा लाव, मनगटावरचं घड्याळ घामाने चुकतं. ग्रुप पुढे गेला तर जाऊ दे.

आपल्याकडची दुसरी अडचण हवेची. घाटावर बसून लिहिलेल्या प्लॅनमध्ये किलोमीटरला अमुक मिनिटं असा रकाना असतो. ऑक्टोबरातल्या रत्नागिरीच्या दमट हवेत घाम सुकत नाही, अंग थंड होत नाही, आणि तोच वेग ठोके वर नेतो. ठोके बघ, वेग जाईल तिथे जाईल. जोराचा दिवस मात्र पहाटेच उरक.

भाट्याच्या किनाऱ्याची वाळू ग्रुपला आवडते, पण वेळ घड्याळाने ठरवतात आणि समुद्र तिथीने चालतो. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास पहाटे ओहोटी असते, वाळू घट्ट मिळते. अष्टमीच्या भांगाला, म्हणजे लहान भरती-ओहोटीच्या दिवसांत, त्याच वेळी भरती असते. मग सगळे वरच्या भुसभुशीत वाळूत धावतात आणि पोटऱ्या, टाचेच्या शिरा धरतात. त्यात किनारा उतरता, एक पाय कायम खाली. जितकं जाशील तितकंच त्याच वाटेने परत ये, म्हणजे भार दोन्ही पायांवर वाटला जातो. लांब धाव आरे-वारेच्या रस्त्याला ठेव. तिथल्या चढांवर चालावं लागलं तर खुशाल चाल.

पाण्याचं गणित कुठलाच कोच तुझ्यासाठी करू शकणार नाही. तासभर धावण्याआधी आणि नंतर अंग पुसून, कमी कपड्यांत वजन कर. वजन ६०० ग्रॅम घटलं आणि मध्ये अर्धा लिटर प्यायलास, तर घाम १.१ लिटर. ‘भरपूर प्या’ हा ग्रुपमधला सल्ला धोक्याचा आहे. धावून वजन वाढलं तर प्रमाणाबाहेर पाणी झालं. रक्तातलं सोडियम उतरून माणूस अत्यवस्थ होऊ शकतो. दीड तासाच्या वरच्या धावेला तासाला ३० ते ६० ग्रॅम साखर-पिष्ट लागतं. मीठ-साखर घातलेलं कोकम सरबत चालेल, पण साखर मोजून घाल आणि शर्यतीआधी निदान चार लांब धावांत पोटाला ते सवयीचं कर.

शर्यत जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी धरली तर अठरा आठवडे मागे मोजून सप्टेंबरचा मध्य येतो, आणि यंदा गणपतीही तेव्हाच. ग्रुप तुझ्या घरच्या आरत्या-पाहुण्यांसाठी थांबणार नाही. सोळा आठवड्यांचा प्लॅन माग. सणाच्या दिवसांत तीनदा अर्धा-अर्धा तास पुरे. चुकलेली धाव पुढच्या आठवड्यात भरून काढायची नाही. नडगीचं दुखणं तिथेच सुरू होतं.

नडगी दुखलीच तर कोच नको, फिजिओ गाठ. हाडावर बोटाने दाबून एकाच ठिकाणी दुखत असेल तर धावणं बंद ठेवून आधी दाखव. हे उद्यावर टाकू नकोस, हाडाला बारीक चीर असू शकते.

कोचचे दोन सल्ले सप्टेंबरअखेर आणि नोव्हेंबरच्या मध्यात घे. जाताना रोजच्या तीन ओळी घेऊन जा: झोप किती, धाव दहापैकी किती जड गेली, कुठे दुखलं. साठ मिनिटांची धाव दहापैकी चार जड असेल तर साठ गुणिले चार, म्हणजे २४० लिही आणि आठवड्याची बेरीज मांड. ती बेरीज एकदम उडी मारते तो आठवडा कोचला आधी दाखव.

रविवारी तीस मिनिटांची ती धाव करून आकडा कळव. नडगी दुखत असेल तर करू नकोस, तसंच लिही.

तुझा,
मिलिंद