दावा पहिल्या पानावर, दुरुस्ती कुठेच नाही

महोदय,

एप्रिल २०२५मध्ये के२-१८बी या ग्रहावर जीवसृष्टीच्या खुणा सापडल्याची बातमी सगळीकडे झळकली, तेव्हा आठवीतली एक विद्यार्थिनी कात्रण घेऊन माझ्याकडे आली. मथळ्याखाली तिने पेन्सिलीने दोनदा रेघ ओढली होती. काही महिन्यांनी तिनेच विचारलं, "सर, त्याचं पुढे काय झालं?" झालं बरंच होतं, पण मी वाचतो त्या वर्तमानपत्रांत त्यातलं अक्षरही आलं नव्हतं. म्हणून हे पत्र.

हा ग्रह सुमारे १२४ प्रकाशवर्षं दूर आहे. तो आपल्या ताऱ्यासमोरून जात असताना त्याच्या वातावरणातून गाळून आलेला प्रकाश जेम्स वेब दुर्बिणीने टिपला आणि त्यात डायमिथिल सल्फाइडची खूण दिसत असल्याचं केंब्रिजच्या नेतृत्वाखालच्या गटाने जाहीर केलं. पृथ्वीवर हा वायू मुख्यतः समुद्रातल्या सूक्ष्म जीवांमुळे तयार होतो. गटाने खात्रीची पातळी 'तीन सिग्मा' सांगितली होती. निव्वळ योगायोगाने असं दिसण्याची शक्यता ०.३ टक्के, असा त्याचा अर्थ. ऐकायला ती नगण्य वाटते, पण शोध म्हणायचं तर पाच सिग्मा लागतात, आणि त्यासाठी वेबचं आणखी १६ ते २४ तासांचं निरीक्षण हवं, हे त्या गटानेच सांगून ठेवलं होतं. पुढे इतर संशोधकांनी तीच निरीक्षणं तपासली आणि संकेत पुरेसा ठाम नसल्याचं म्हटलं. मथळ्यात सिग्मा मावत नाही, मान्य. बातमीच्या पोटात तरी त्याला दोन ओळी मिळायला हव्या होत्या.

"म्हणजे ते खोटं बोलले?" असं त्या मुलीने विचारलं, तेव्हा मला वाईट वाटलं. फक्त दावेच वाचायला मिळाले, तर मुलांना दुरुस्ती म्हणजे लबाडी उघडी पडणं वाटणारच. मग तिला अँड्र्यू लाइन यांची गोष्ट सांगितली.

मँचेस्टर विद्यापीठाच्या जॉड्रेल बँक वेधशाळेतल्या लाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुलै १९९१मध्ये 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात एका पल्सारभोवती, म्हणजे वेगाने स्वतःभोवती फिरत रेडिओ लहरींचे ठोके पाठवणाऱ्या मृत ताऱ्याभोवती, ग्रह फिरत असल्याचं प्रसिद्ध केलं. सूर्यमालेबाहेरचा एकही ग्रह तोवर खात्रीने माहीत नव्हता, त्यामुळे जगभर गाजावाजा झाला. पल्सारचे ठोके घड्याळासारखे नियमित पडतात. या पल्सारचे ठोके मात्र सहा महिन्यांच्या आवर्तनाने किंचित पुढेमागे होत होते, म्हणजे एखादा ग्रह त्याला ओढून हलवत असावा असं वाटलं. जानेवारी १९९२मध्ये अटलांटाच्या खगोलशास्त्रज्ञांच्या अधिवेशनात लाइन यांना याच ग्रहावर बोलायचं होतं. त्याआधी काही दिवस हिशेब पुन्हा करताना चूक त्यांच्याच हाती लागली. पल्सारची आकाशातली जागा सुरुवातीला थोडी चुकीची धरली गेली होती आणि पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार आहे, याची वजावट नीट झाली नव्हती. पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते तेव्हाचं आणि सर्वांत दूर असते तेव्हाचं अंतर यांत सुमारे ५० लाख किलोमीटरचा फरक पडतो. तेवढं कापायला प्रकाशालाही १६-१७ सेकंद लागतात, आणि इथे मोजमाप चाललं होतं सेकंदाच्या हजाराव्या भागाचं. हिशेब सुधारला आणि ग्रह नाहीसा झाला.

लाइन अटलांटाला गेले. भरल्या सभेत उभं राहून त्यांनी आपली चूक कुठे आणि कशी झाली ते सांगितलं. सभागृहाने उभं राहून टाळ्या वाजवल्या. हा प्रसंग सांगताना आजही माझा आवाज जड होतो. त्याच अधिवेशनात अलेक्झांडर वोल्शचान यांनी दुसऱ्या एका पल्सारभोवतीचे दोन ग्रह मांडले. त्या पल्सारची जागा त्यांचे सहकारी डेल फ्रेल यांनी वेगळ्या दुर्बिणींनी अचूक मोजून दिली होती, म्हणजे लाइन यांचा पाय घसरला नेमकी तीच जागा त्यांनी आधी पक्की केली होती. ते ग्रह आजही मान्य आहेत.

गुरुत्वीय लहरी, म्हणजे अवकाशातच उठणारे अतिसूक्ष्म तरंग, शोधणाऱ्या 'लायगो' या प्रयोगाच्या गटाने तर स्वतःची परीक्षाच घेतली. २०१०मध्ये मोजक्या लोकांनी गुपचूप यंत्रणेत खोटा संकेत सोडला. बाकीच्या शेकडो शास्त्रज्ञांनी तो महिनोन्‌महिने तपासला, शोधनिबंधही लिहून तयार ठेवला आणि मग लिफाफा उघडून त्यांना खरं काय ते सांगण्यात आलं. पुढे १४ सप्टेंबर २०१५ला खरा संकेत आला, तरी तो जाहीर व्हायला ११ फेब्रुवारी २०१६ उजाडला. एवढे महिने तपासणीत गेले, ही हकीकत शोधाइतकीच वाचनीय आहे.

संपादक महोदय, खगोलशास्त्राच्या बातम्या आपण आवर्जून छापता, याचं मला मोल आहे. विनंती एवढीच, की दावा छापताना तो इतर तज्ज्ञांनी तपासला आहे का आणि त्याची खात्री किती, हे लिहावं. आणि दावा मागे घेतला गेला किंवा डळमळीत झाला, तर तेही तितक्याच ठळकपणे छापावं.

के२-१८बीबाबत पक्का निर्णय होईल तेव्हा निकाल कोणत्याही बाजूने लागो, त्या बातमीत एप्रिल २०२५च्या पहिल्या बातमीचा उल्लेख जरूर करा. ते कात्रण त्या मुलीने अजून वहीत जपून ठेवलं आहे.

आपला नम्र,
एक विज्ञान शिक्षक