खिडकी येईना, मुदत थांबेना

महोदय,

नवी कॅरॅव्हॅन, म्हणजे गाडीमागे जोडून न्यायचे चाकांवरचे घर, घेताना विक्रेत्याने वॉरंटीचे पुस्तक मोठ्या कौतुकाने हातात ठेवले होते. पहिल्याच मोठ्या पावसात पुढच्या खिडकीच्या कोपऱ्यातून पाणी झिरपू लागले. आधी फोटो पाठवा, कंपनीची मंजुरी येऊ द्या, असे उत्तर मिळाले. मंजुरी आली, खिडकी आली नाही. ‘पार्ट मागवलाय’ हे वाक्य मी चार महिने ऐकतो आहे.

ओल कुणाची वाट पाहत नाही. भिंतीतली लाकडी चौकट भिजली की कुजत जाते, प्लायवूड फुगते. आज एका खिडकीचे असलेले काम उद्या अख्ख्या भिंतीचे होणार. या सगळ्या काळात वॉरंटीची मुदत मात्र सरतेच आहे. वॉरंटी टिकवायला दरवर्षी करून घ्यावी लागणारी ओलाव्याची तपासणी मी चुकवली, तर माझा हक्क बुडतो. त्यांनी पार्ट पाठवला नाही, तर त्यांचे काहीच बुडत नाही! (फ्रिज आणि हीटर दुसऱ्याच कंपन्यांचे, त्यांची वॉरंटी वेगळी. ते रडगाणे पुन्हा कधीतरी.)

पार्टची वाट पाहण्यात गेलेले दिवस मुदतीत धरू नयेत आणि मॉडेल बंद झाले तरी पार्टचा साठा ठेवण्याची सक्ती कंपन्यांवर असावी, एवढीच मागणी आहे. तूर्त खिडकीला चिकटपट्टी लावली आहे. ‘परस्पर दुरुस्ती केल्यास वॉरंटी रद्द’ या कलमात ती बसते का, हे विचारायचे धाडस अजून झालेले नाही.

– एक कॅरॅव्हॅनमालक