ज्वलनशीलता चाचणीचा रिपोर्ट चुकलाय, चाचणी परत करून द्या

नमस्कार,

आमच्या पावडरचा रिपोर्ट परवा मिळाला, निकाल लिहिलाय 'ज्वलनशील घन पदार्थ नाही'. वाचून बरं वाटायला हवं होतं, पण त्याच पानावर १०० मिमी जळायला ४७ सेकंद लागले असं लिहिलंय आणि खालच्याच ओळीत वेग २.३ मिमी प्रति सेकंद. आता १०० ला ४७ ने भागा, २.१३ येतं. आणि २.३ खरं धरलं तर वेळ साडेत्रेचाळीस सेकंदच होते. एरवी एवढ्याशा फरकाचं कोण मनावर घेतंय, पण इथे हद्दच ४५ सेकंद नाहीतर सेकंदाला २.२ मिमीची आहे, त्याहून जलद जळली तर ज्वलनशील, म्हणजे तुमचा एक आकडा हद्दीच्या अलीकडे नि दुसरा पलीकडे! फोन केला तर म्हणे टायपिंग मिस्टेक आहे. अहो पण नेमका कुठला आकडा मिस्टेक, ते कोणी सांगेना.

दुसरं म्हणजे रीडिंग एकच आहे. 'नाही' म्हणायचं असेल तर सहा वेळा जाळून बघावं लागतं, आधीच पॉझिटिव्ह आली तर गोष्ट वेगळी. आणि तुम्हीच जोडलेला फोटो मी झूम करून बघितला. २५० मिमीचा साचा भरून २० मिमी उंचीवरून तीनदा आपटायचा असतो म्हणजे पावडर नीट बसते, तुमच्या फोटोत मात्र ढिगाला मधेच खळगा पडलाय आणि एक कड ढासळलीय. आग तिथे अडखळणारच ना, मग ४७ सेकंद पावडरचे की खळग्याचे?

समजा पावडर खरंच ज्वलनशील निघाली तर ओल्या पट्ट्याची नोंद पण लागेल, म्हणजे ढिगाचा थोडा भाग ओला केला की त्या १ मिली द्रावणाने आग निदान ४ मिनिटं अडते की नाही ते. अडली तर पॅकिंग ग्रुप (वाहतुकीतल्या धोक्याची पातळी) ३, नाहीतर त्याहून धोक्याचा २. तुमच्या रिपोर्टात तो रकाना कोराच आहे.

तर चाचणी परत करा, नव्याने पैसे न घेता. नमुना आम्ही पाठवतो तसाच वापरा, सुकवू किंवा चाळू नका, आणि प्रत्येक रीडिंग वेगळं लिहून द्या. जुना रिपोर्ट रद्द केल्याचं मेलवर कळवा, तो आमच्या ट्रान्सपोर्टवाल्याकडे आधीच गेलाय आणि तो आता लेबलशिवाय ड्रम उचलायला तयार आहे, आम्हीच थांबवून ठेवलाय. तोपर्यंत ड्रमवर लाल-पांढऱ्या उभ्या पट्ट्यांचं ४.१ चं (ज्वलनशील घन पदार्थाचं) लेबल आम्ही आमच्या जबाबदारीवर लावलंय.