स्टॉर्म गाडी घेऊन जैसलमेरला चाललोय, त्याबद्दल

तीर्थरूप आई-बाबा,
सा. न. वि. वि.

परवा फोनवर विषय अर्धाच राहिला. बाबांना धड ऐकू येत नव्हतं, आई "दादाची इनोव्हा घेऊन जा ना" यावरच अडून बसली आणि तेवढ्यात तुमच्याकडे कुकरच्या शिट्ट्या सुरू झाल्या, म्हणून म्हटलं लिहूनच पाठवते. दादा प्रिंट काढून देईल, बाबा चष्मा लावून सावकाश वाचा.

तर हो, जातोय. डिसेंबरच्या शेवटी, नाशिक ते जैसलमेर, पुढे तनोट आणि लोंगेवाला, आणि आमच्या त्याच लाल, छत उघडणाऱ्या सॅन स्टॉर्म गाडीने. सीटा दोनच, त्यामुळे मी आणि तुमचे जावई. पिल्लू सासूबाईंकडे राहणार आहे आणि तो जाम खूश आहे कारण तिकडे टीव्हीवरून कोणी ओरडत नाही.

बाबा, तुमचं म्हणणं कळलं, एवढी जुनी गाडी, साठ हॉर्सपॉवर, रस्त्यात इंजिन बसलं तर काय. खरं सांगू का, इंजिनाची मला सगळ्यात कमी काळजी आहे. रेनॉचं ११४९ सीसीचं साधं आठ व्हॉल्व्हचं इंजिन, त्यात बिघडण्यासारखं आहेच किती. जुन्या गाडीत दगा देतं ते रबर. लोखंड आहे तसं राहतं आणि होज, बेल्ट, सील, टायर गाडी नुसती पार्किंगमध्ये उभी असली तरी कडक होत जातात, वरून बघितलं तर काही कळत नाही. म्हणून या वेळी सगळा खर्च रबरावर केलाय. जावईबापूंना नवीन म्युझिक सिस्टीम हवी होती, ती कॅन्सल.

टायरचंच बघा. नक्षी एकदम नव्यासारखी, कारण गाडी चालतेच किती, पण टायरच्या बाजूला चार आकडी कोड असतो ना, पहिले दोन आकडे आठवड्याचे आणि पुढचे दोन सालाचे, तर आमच्यावर होतं ३२१४, म्हणजे २०१४ च्या ऑगस्टमधले टायर! वाकून टॉर्च मारला तर साइडवॉलला केसासारख्या बारीक चिरा दिसत होत्या. चारही बदलले, स्टेपनी पण. तुम्ही सांगितलेलं लक्षात आहे, हवा सकाळी टायर गार असताना बघायची आणि दुपारी तापल्यावर प्रेशर जास्त दिसलं म्हणून काढायची नाही, नाहीतर थंड झाल्यावर हवा कमी पडते. आणि आई, वाळूत गाडी रुतेल वगैरे काही नाही, ती वाळूत जाणारच नाहीये, एवढी बुटकी गाडी वाळूत घालणं म्हणजे वेडेपणा. सम, म्हणजे तिथल्या वाळूच्या टेकड्या, जैसलमेरपासून चाळीसेक किलोमीटर आहे आणि तिथपर्यंत चांगला डांबरी रस्ता आहे, गाडी कडेला लावायची आणि पुढे उंट.

टायमिंग बेल्ट, टेन्शनर आणि वॉटर पंप एकदमच बदलले, पंपापर्यंत जायचं तर बेल्ट उतरवावाच लागतो, मग जुना पंप परत कशाला बसवायचा. पार्ट मिळवायला मात्र नाकी नऊ आले, गाडी बंद होऊन जमाना झाला, अंबडचे आपले मेकॅनिक चाचा जुना बेल्ट हातात घेऊन त्याचे दात मोजत बसले होते आणि मुंबईतल्या स्पेअरवाल्याला फोनवर माप सांगत होते. कूलंट पूर्ण काढला, रेडिएटर साफ केला आणि डिस्टिल्ड वॉटरमध्ये निम्मं निम्मं करून भरला. आधीच्या मालकाने बहुतेक बोअरचं पाणी घातलेलं असणार, आत आपल्या गिझरच्या कॉइलवर धरतो तसा पांढरा थर होता. रेडिएटरची कॅप पण नवीन टाकली, शेपाचशे रुपयांची वस्तू पण तीच प्रेशर धरते, ती लीक असली की पाणी लवकर उकळतं, मग बाकी कितीही खर्च करा. हायवेला तशी हवा लागते, खरी परीक्षा टोलनाक्याच्या रांगेत, म्हणून बिल्डिंगखाली गाडी नुसती चालू ठेवून पंखा आपोआप लागतो का बघत बसलो, वॉचमनला वाटलं आमचं भांडण झालंय.

एक गंमत मात्र बाबा तुम्हाला आवडेल. हेडलाइट मंद पडायचे आणि जो तो बॅटरी बदला म्हणायचा. चाचा म्हणाले थांबा, ही गाडी फायबरची आहे. पत्र्याच्या गाडीत अर्थिंग बॉडीतूनच परत येतं, फायबरमधून करंट जातच नाही, त्यामुळे प्रत्येक दिव्याची अर्थची वायर वेगळी ओढून चेसिसपर्यंत नेलेली असते. पुढच्या चाकाच्या मागे हात घालून त्यांनी एक बोल्ट काढला, त्याखालचा रिंग टर्मिनल हिरवा पडलेला. पॉलिश पेपर मारला, ग्रीस लावून परत आवळला आणि समोरची भिंत अशी लख्ख उजळली की विचारू नका. बॅटरी तीच आहे.

पेट्रोलच्या पाइपांचं पण करून घेतलं. आता सगळीकडे ई२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल आहे, त्यातल्या इथेनॉलने जुने रबरी पाइप फुगतात, मऊ पडतात, आणि पेट्रोल गळायला लागलं तर मग ओव्हरहीटिंग परवडलं म्हणायची पाळी. इथेनॉल सहन करणारे पाइप टाकले, क्लिपा नव्या. ब्रेक ऑइल बदललं कारण ते हवेतलं पाणी ओढतं. एअर फिल्टर एक लावलाय आणि एक सोबत, तिकडे धूळ फार. छताचं कापड ठीक आहे, मागची प्लॅस्टिकची खिडकी पिवळी पडलीय पण फाटलेली नाही, झिपच्या चेनमध्ये वाळू अडकू नये म्हणून मेणबत्ती घासली आहे. थंडीत छत उघडून जाणार नाही हे आईला आत्ताच सांगून ठेवते, तिकडे रात्री आपल्या निफाडसारखा गारठा असतो, कानटोपी घेतलीय.

कागदपत्रं पण क्लिअर आहेत. १५ वर्षं झाल्यावर आरसी दर ५ वर्षांनी रिन्यू करावी लागते, ती केलेली आहे, ग्रीन टॅक्स भरलाय, पीयूसी आणि इन्शुरन्स चालू.

आणि हो, ट्रायल झाली. आईच्याच मनासारखी, वणीच्या गडावर. नांदुरीपासूनचा सगळा चढ दुपारच्या उन्हात एसी लावून काढला, टेंपरेचरचा काटा मधोमध, हलला सुद्धा नाही. वर देवीचं दर्शन घेतलं, गाडीपुढे नारळ फोडला. खाली उतरल्यावर बॉनेट उघडून सगळे जॉइंट हाताने चाचपले, कुठेही ओल नाही. म्हणजे आता आई तू "आधी गडावर जाऊन या" म्हणू शकत नाहीस.

रस्ता असा: सापुतारा, सुरत, बडोदा, अहमदाबादला मुक्काम, मग डीसा, सांचोर, बाडमेर आणि जैसलमेर. अंधार पडल्यावर गाडी चालवायची नाही हा नियम केलाय, तिकडे उंट आणि नीलगायी सरळ रस्त्यात उभ्या असतात आणि आमची गाडी उंटाच्या पोटाखालून जाईल एवढीच. तनोट जैसलमेरपासून सव्वाशेच्या आसपास किलोमीटर, जैसलमेरलाच टाकी फुल्ल करून निघायचं. तिथे देवळात १९६५ चे न फुटलेले पाकिस्तानी गोळे ठेवलेत आणि पूजाअर्चा बीएसएफचे जवान करतात. लोंगेवाल्याला मुख्य म्हणजे बाबांसाठी चाललोय. ७१ च्या डिसेंबरमध्ये घराच्या काचांना काळे कागद लावून रेडिओवर बातम्या ऐकायचात, जैसलमेरहून उडालेल्या हंटर विमानांनी रणगाडे कसे टिपले, हे लहानपणी इतक्यांदा ऐकलंय की आता ते रणगाडे प्रत्यक्ष बघायचेत. व्हिडिओ काढून आणते, पण रनिंग कॉमेंट्री तुम्हीच करायची.

बॉर्डरकडे नेटवर्क जातं, तेव्हा दुपारभर फोन लागला नाही तर आईने लगेच दादाला कामाला लावू नये. सकाळी निघताना आणि संध्याकाळी पोचल्यावर मेसेज करेन, लाइव्ह लोकेशन दादाच्या व्हॉट्सॲपला चालू असेल. तुळशीला पाणी शेजारच्या काकू घालणार आहेत. आई, तू गुडघ्याचे व्यायाम करतेयस ना, वहिनीला विचारणार आहे मी.

बाबा, एकच काम राहिलंय, नवीन स्पार्क प्लग लावायच्या आधी गॅप बघायचाय आणि चाचांच्या फीलर गेजच्या, म्हणजे गॅप मोजायच्या, पात्या वाकड्या झाल्यात. तुमचं मायकोतलं गेज माळ्यावरच्या हिरव्या ट्रंकेत आहे की देवघराखालच्या ड्रॉवरमध्ये? ट्रंकेत असेल तर किल्ली कुठेय तेही सांगा, रविवारच्या आत.

तुमची,
मनू