मोबाइल हातात, पण कागद खिशात हवा

संपादक महोदय,

बियाण्यांच्या धंद्यापायी महिन्यातून दोन-तीनदा तरी मला विमानाने हैदराबाद नाहीतर दिल्ली गाठावी लागते. आम्हा जालनेकरांना चिकलठाण्याचा विमानतळ सोयीचा. छत्रपती संभाजीनगर शहरात शिरायची गरजच नाही. पूर्वी अशा फेरीला तिकीट, ओळखपत्राची झेरॉक्स, हॉटेलचा पत्ता, सुटे पैसे असा सगळा संसार बॅगेत घालावा लागे. आता पहाटे गाडीत बसलं की बदनापूर यायच्या आत वेब चेक-इन उरकतं आणि उतरल्यावरच्या चहाचे दहा रुपयेही यूपीआयने जातात. तेव्हा मोबाइलच्या नावाने बोटं मोडायला हे पत्र नाही.

पण मागच्या फेरीत माझी चांगलीच फजिती झाली. निघतानाच सुरक्षा तपासणीत पॉवर बँक काढून घेतली. नियम असा की शंभर वॉट-अवरपर्यंतची (वॉट-अवर म्हणजे बॅटरीत साठणाऱ्या विजेचं माप) पॉवर बँक विनापरवानगी नेता येते, तीही हातातल्या सामानात. चेक-इनच्या बॅगेत अजिबात नाही. लिथियमची बॅटरी पेटली तर केबिनमध्ये निदान कुणाच्या लक्षात तरी येते. माझी वीस हजार एमएएचची, म्हणजे ३.७ व्होल्टच्या हिशेबाने ७४ वॉट-अवर. नियमात बसणारी. पण बॅगेत घासून घासून तिच्यावरचे आकडे पुसले होते. ‘आकडा दिसत नाही, कशावरून सोडू?’ असं जवान म्हणाला. त्याचं काही चुकलं नाही.

दिवसभर गाडीतून व्हिडिओ कॉल चालू. संध्याकाळी परतीच्या विमानतळावर पोचलो तेव्हा बॅटरी चार टक्के. प्रवेशद्वाराबाहेरच्या खांबावर चार सॉकेट होते. तीन बंद, चौथा इतका सैल की चार्जर हाताने वर दाबून धरला तरच हिरवा दिवा लागे. हात अवघडला, जरा सोडला, फोन गेला. तिकीट आत, आधार आत, पैसेही आतच. विमान कंपनीच्या खिडकीवर गेलो, तर ओळखपत्र दाखवा म्हणाले.

माझ्या पुढे रांगेत धोतर-टोपीतले एक काका होते. त्यांनी बंडीच्या आतल्या खिशातून प्लॅस्टिकची पिशवी काढली, त्यातून चार घड्या घातलेला तिकिटाचा कागद आणि आधार कार्ड. झाले आत. जाता जाता विचारलं, ‘काय झालं भाऊ?’ म्हटलं, ‘बॅटरी गेली, काका.’ ‘मग कागद नाही का काढला?’ मी काय बोलणार! शेवटी एका टॅक्सीवाल्याने गाडीत पंधरा मिनिटं फोन लावू दिला म्हणून विमान मिळालं.

डिजियात्रा वापरा, असं मित्र सांगतात. डिसेंबर २०२२ मध्ये दिल्ली, बंगळुरू आणि वाराणसीला ती सुरू झाली. चेहरा दाखवला की दार उघडतं. चांगलीच सोय आहे. पण तिची सगळी जुळवाजुळव आधी मोबाइलवरच करावी लागते. त्यात आपल्याकडे आधारवर नाव, वडिलांचं नाव, आडनाव असं सगळं असतं आणि तिकीट काढणारा मधलं नाव गाळतो. माझं यावरूनच एकदा अडलं होतं.

जाता जाता आणखी एक. काउंटरवर बोर्डिंग पास छापून घेतला तर काही कंपन्या वेगळे पैसे लावत असत. जुलै २०२२ मध्ये नागरी विमान वाहतूक मंत्रालयाने तसे पैसे घेता येणार नाहीत असं स्पष्ट केलं. आमच्या भागातून पहिल्यांदाच विमानात बसणाऱ्या कित्येकांना हे ठाऊक नसतं. मागितले की ते मुकाट्याने देऊन मोकळे होतात. तसा फलक काउंटरवर मराठीत लावायला किती खर्च येतो?

आणि विमानतळ चालवणाऱ्यांना विनंती, चार्जिंगची सोय आतल्या लाउंजमध्ये जेवढी करता तेवढीच दाराबाहेरही करा. अडतो तो माणूस बाहेर अडतो. मी आता तिकिटाची प्रिंट आणि आधार कार्ड शर्टाच्या खिशात ठेवतो. पॉवर बँकही नवी घेतली, तिच्यावरच्या आकड्यांवर आधी पारदर्शक चिकटपट्टी लावली.

– एक नियमित प्रवासी, जालना