श्रीलंकेला येणार असलास तर ऑगस्टमध्ये ये

कोलंबो
पोसोन पोया (जूनमधली पौर्णिमा)

प्रिय बाळू,

दिवाळीची तिकिटं अजून काढली नसशील तर काढू नकोस. हे आधी लिहून टाकतो, बाकीचं सावकाश सांगतो. काकूंची श्रीलंका बघायची इच्छा इतकी वर्षं राहून गेली आहे. आता योग आलाच आहे, तर तो हॉटेलच्या खिडकीत बसून पाऊस बघण्यात जाऊ नये, असं मला अगदी मनापासून वाटतं.

तुझा बेत नीट वाचला. भाऊबीज झाली की निघायचं, आधी दक्षिणेचं गॉल आणि मिरिसा, तिथून पूर्व किनाऱ्यावरचं त्रिंकोमाली, मग डोंगरातलं कँडी आणि परत. जागा एकूण एक चांगल्या निवडल्या आहेस. पण गॉलचा समुद्र आणि त्रिंकोमालीचा समुद्र एकाच सहलीत निवांत भेटणं कठीण. एक शांत असतो तेव्हा दुसरा सहसा खवळलेला असतो. लोक विचारतात, ‘श्रीलंकेत पावसाळा कधी असतो?’ विचारायला हवं, ‘कुठल्या बाजूला?’

साताऱ्यात वाढलेल्या माणसाला हे समजायला वेळ लागू नये. महाबळेश्वर धो धो भिजत असतं आणि त्याच जिल्ह्यात माण-खटावचे लोक आभाळाकडे डोळे लावून बसलेले असतात. मध्ये डोंगर आहे, एवढंच कारण. इथेही देशाच्या मधोमध डोंगर आहेत, आणि सगळ्यात उंच पिदुरुतलागला २,५२४ मीटरचा. मे ते सप्टेंबर वारा नैर्ऋत्येकडून येतो आणि कोलंबो, गॉल, रत्नपुरा, डोंगरांचा पश्चिम उतार यांना झोडपून काढतो. या उतारावर वर्षाला ५,००० मिलिमीटर पाऊस पडणारी ठिकाणं आहेत. डोंगर ओलांडला की तोच वारा कोरडा होतो, तापतो, आणि पूर्वेला उन्हाळा असतो. आपल्यापेक्षा वेगळं ते पुढचं. डिसेंबर ते फेब्रुवारी वारा उलटा फिरतो, ईशान्येकडून येतो, आणि मग भिजायची पाळी पूर्वेची. तेव्हा गॉल-मिरिसाला लख्ख ऊन, आणि देवमासे बघायच्या होड्या रोज सकाळी निघतात. महाराष्ट्राच्या पाव भागाहूनही लहान देश, पण बाराही महिने त्याचा कुठला तरी किनारा मोकळा सापडतो.

हे वाचून कळणं वेगळं आणि बघणं वेगळं. गेल्या वर्षी जुलैमध्ये डोंगरातल्या नुवारा एलियाहून पूर्वेला वेलीमडाच्या बाजूला उतरत होतो. गावात भुरभुर चालू, धुकं इतकं की पुढच्या लॉरीचे फक्त दिवे दिसत होते. हकगलाचा कडा मागे पडला आणि पुढच्या काही वळणांत रस्ता ओला होता तो कोरडा झाला. ड्रायव्हरने वायपर बंद केले, काच खाली केली. बाहेर पिवळं पडलेलं गवत, वाऱ्यावर उडणारी धूळ, आणि एक बाई अंगणात मिरच्या वाळत घालत होती. मागे वळून बघितलं तर डोंगराच्या माथ्यावर ढग तसाच बसलेला. पुढे उवा भागातले चहावाले सांगत होते, याच कोरड्या वाऱ्यात त्यांचा वर्षातला सर्वांत चांगला चहा होतो, जुलै ते सप्टेंबर. पश्चिमेकडच्या डिंबुला भागाचा उत्तम चहा मात्र जानेवारी ते मार्चमधला. चहाच्या पेटीवरचा महिना बघून कुठे ऊन होतं ते सांगता येईल.

आता तुझा नोव्हेंबर. मार्च-एप्रिल आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर हे दोन सांधे आहेत, एक वारा संपलेला आणि दुसरा अजून बसलेला नाही. सकाळ स्वच्छ असते, दुपारी ढग चढतात, संध्याकाळी विजा आणि मुसळधार. तेवढंच असतं तर मी म्हटलं असतं, सकाळी फिरा आणि दुपारी आराम करा. पण ऑक्टोबर ते डिसेंबर हे बंगालच्या उपसागरातल्या वादळांचे दिवस. १९७८ च्या नोव्हेंबरमधल्या चक्रीवादळाबद्दल पूर्व किनाऱ्यावरच्या बट्टिकलोआची वयस्कर माणसं आजही बोलतात. आणि २०२५ च्या नोव्हेंबरअखेरीस दित्वा चक्रीवादळ आलं, ते तर आम्ही सगळ्यांनीच पाहिलं. डोंगराळ भागात दरडी कोसळल्या, शेकडो माणसं गेली, डोंगरातला रेल्वेमार्ग जागोजागी खचला. त्या आठवड्यातले कोलंबोतल्या ओळखीच्या लोकांचे चेहरे मी विसरू शकत नाही. जवळजवळ प्रत्येकाचं कोणी ना कोणी वर डोंगरात होतं. म्हणून सांगतो, सत्तरी ओलांडलेल्या काकूंना घेऊन त्या महिन्यात घाटातून फिरायचं नाही. एकटा असतास तर कदाचित काही बोललो नसतो.

पण वादळाच्या बातम्या पाहून सहलच रद्द करू नकोस. तुझ्या निरोपात तसा सूर वाटला, म्हणून लिहितो. इथल्या किती घरांचं पोट येणाऱ्या-जाणाऱ्यांवर चालतं! जीपवाले, होडीवाले, चार खोल्यांचं घरगुती हॉटेल चालवणाऱ्या बायका. त्यांना माणसं यायला हवी आहेत.

तर माझं म्हणणं, ऑगस्टचा दुसरा पंधरवडा धर. यंदा अधिक ज्येष्ठ आल्यामुळे सण पुढे गेलेत, गणपती थेट १४ सप्टेंबरला. त्यामुळे वहिनींची मखर-मोदकांची घाई सुरू व्हायच्या आत तुम्ही घरी असाल. पोरीची आठवडाभर शाळा बुडेल, बुडू दे. सातवीतली मुलगी आहे, इथे जे बघेल ते भूगोलाच्या पुस्तकात दहा धडे वाचूनही कळणार नाही.

उतरल्यावर कोलंबोत रेंगाळायचं नाही, दक्षिणेला तर वळायचंच नाही. विमानतळावरून सरळ दांबुल्ला-सिगिरियाकडे. तो कोरडा पट्टा आहे. सिगिरियाच्या खडकाला बाराशेच्या आसपास पायऱ्या, त्या काकूंसाठी नाहीत. तू आणि पोर पहाटे चढा. ऑगस्टमध्ये वर वारा जबरदस्त असतो, टोपी खिशात ठेवायची. काकूंनी खाली बागेत बसावं. तिथली जुनी कारंजी पावसाळ्यात आजही उडतात, आणि इकडचा पावसाळा म्हणजे डिसेंबर-जानेवारी, त्यामुळे ती तेवढी तुम्हाला दिसायची नाहीत. जवळच पोलोन्नरुवा, जुनी राजधानी. तिथल्या गल विहाराच्या बुद्धमूर्तींपुढे काकू बराच वेळ बसतील असं मला आत्ताच दिसतंय. चपला बाहेर काढाव्या लागतात आणि दुपारी दगड भाजून निघतो, म्हणून सगळ्यांचे जाड पायमोजे आण.

त्याच भागात मिन्नेरिया. महासेन राजाने बांधलेला तलाव, उन्हाळ्यात आटत जातो, आणि उघड्या पडलेल्या काठावर कोवळं गवत उगवतं. ते खायला ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये आजूबाजूच्या जंगलातून हत्तींचे कळप उतरतात. कधी कधी शेकड्यांनी. मात्र मोरगहकंद धरणाचं पाणी आता या तलावात सोडतात, आणि ते वेळीअवेळी सोडलं की गवत बुडतं आणि हत्ती दुसरीकडे जातात. म्हणून आगाऊ ठरवून ठेवू नकोस. त्या दिवशी दुपारी जीपवाल्यालाच विचार, मिन्नेरिया की जवळचं कौडुल्ला. तो नेईल तिकडे जा. त्यांचं आपसात फोनवर चालूच असतं.

मग त्रिंकोमाली. इथे मात्र दोन-तीन रात्री राहाच. समुद्रात घुसलेल्या कड्यावर कोनेश्वराचं देऊळ आहे, खाली निळंशार पाणी. काकूंना श्रावणात शंकराचं दर्शन, आणखी काय हवं? पोरीला निलावेलीच्या पाण्यात सोड. या दिवसांत तिकडचा समुद्र शांत आणि उथळ असतो, आणि ठीक त्याच वेळी गॉलच्या किनाऱ्यावर लाल बावटे लागलेले असतात. ऊन कडक असतं. अकरा ते चार कुठेही निघायचं नाही, हे तू काकूंना नाही, स्वतःलाच बजाव.

त्यानंतर कँडी. तारखांचा सगळा जीव या एका गोष्टीत आहे. कँडीचा एसला पेराहेरा, म्हणजे रात्रीच्या मिरवणुकांचा उत्सव, दहा रात्री चालतो आणि निकिणी पोयाला, म्हणजे आपल्या नारळी पौर्णिमेच्या सुमाराला, संपतो. शेवटच्या पाच रात्री रंदोली पेराहेरा, रोज आदल्या रात्रीपेक्षा मोठा. पुढे आसूड फोडणारे, मग मशालवाले, ढोल, नाचणारे, सजवलेले हत्ती, आणि बुद्धाचा दात जपलेल्या दंतमंदिराचा करंडक पाठीवर घेतलेला गजराज. हा मुळात देवांकडे पाऊस मागण्याचा उत्सव, असं इथे मानतात. कँडीत ऑगस्टमध्ये एखादी सर येतेच. मिरवणूक थांबत नाही, पाऊस आला म्हणून कोणी उठतही नाही. रस्त्याकडेच्या खुर्च्या आधी घ्याव्या लागतात आणि दुपारपासून जाऊन बसावं लागतं. काकूंसाठी छताखालची जागा बघायला मला वेळ हवा आहे, म्हणूनच ही एवढी घाई.

पोयाच्या दिवसाबद्दल एक सांगून ठेवतो. इथे प्रत्येक पौर्णिमेला सार्वजनिक सुट्टी असते, दारूविक्री बंद, गाड्या भरून वाहतात. त्या दिवशी लांबचा प्रवास ठेवू नकोस. आजही पोयाच आहे. सकाळपासून पावसाच्या सरीवर सर, तरी समोरच्या कोपऱ्यावर ताडपत्री ताणून पोरांनी दन्सल लावलंय. येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून भात-कालवण वाढतायत, कोणाकडून पैसा घेत नाहीत. बसवाला बस थांबवून माणसं खाली उतरवतो.

कँडीनंतर अंगात जोर असेल तर नुवारा एलिया, एक रात्र. गावाबाहेर सीतेचं देऊळ आहे, अशोकवन तेच असं म्हणतात, काकूंना ते चुकवून चालणार नाही. स्वेटर लागेल, छत्रीही. आणि मी वर लिहिलं त्या रस्त्याने वेलीमडाकडे उतरा, म्हणजे ढगातून उन्हात कसं येतात ते पोरीला दिसेल. हॉर्टन प्लेन्सचं पठार या वेळी सोड. चालणं फार, आणि कड्याच्या टोकाला पोचेपर्यंत धुकं आलं तर पांढऱ्या भिंतीपलीकडे काही दिसत नाही. ते जानेवारीत करायचं. डोंगरातली आगगाडी सध्या कुठून कुठपर्यंत धावते ते स्टेशनवर विचारून कळवतो.

फोनवरचं हवामान बघून घाबरू नकोस. ते कोलंबोपुढे दहाच्या दहा दिवस ढग आणि थेंब दाखवतं. त्रिंकोमालीचं वेगळं बघ, कँडीचं वेगळं. आणि मध्ये एक दिवस पूर्ण मोकळा ठेव, काहीही न ठरवलेला.

ऑगस्ट जमतच नसेल तर सरळ जानेवारी-फेब्रुवारीत ये आणि नकाशा उलटा कर: गॉल, मिरिसा आणि ‘याला’चं अभयारण्य; त्रिंकोमाली मात्र नाही. तेव्हा श्रीपाद डोंगराची यात्राही चालू असते. पण पेराहेरा हुकेल.

वहिनींशी आजच बोल आणि दोन दिवसांत तारखा कळव. काकूंना साष्टांग नमस्कार. त्यांच्या गुडघ्याच्या गोळ्यांची नावं पाठव, इथे मिळतात का बघून ठेवतो.

तुझाच,
विनू